अल्बेनियात घरगुती स्वयंपाकाचा वर्ग: कोणता निवडावा, काय शिकावं, कुठे बिघडतं

पाटावरवंटा (धागाकर्ता)

प्रवास विभागात अल्बेनियाचा विषय निघाला की किल्ले, समुद्रकिनारे आणि व्हिसा यांवर रकानेच्या रकाने भरतात. स्वयंपाकाच्या वर्गाबद्दल मात्र 'मस्त असतो, नक्की करा' यापलीकडे कुणी काही लिहीत नाही. म्हणून हा धागा. व्हिसा-विमान-हॉटेल इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. इथे फक्त स्वयंपाकघर.

वर्ग ढोबळमानाने तीन तऱ्हेचे असतात. तिरानात शहरी वर्ग मिळतात. ते बहुतेक सकाळी पझारी इ री या बाजारात भाजी आणि चीज घेण्यापासून सुरू होतात, मग कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या किचनमध्ये तीन-चार पदार्थ. दुसरे बेरात आणि जिरोकास्तरसारख्या जुन्या गावांतले, घरातली बाई आपल्याच ओट्यावर शिकवते ते. तिसरे शेतावरचे, म्हणजे जिथे राहायची खोली, गोठा, मळा आणि चूल एकाच आवारात असतात.

माझं मत सांगतो. पैसे द्यायचे ते पिठासाठी. अल्बेनियन घरातला मसाल्याचा डबा फार लहान असतो: मीठ, मिरी, सुका पुदिना, ओरेगानो, तमालपत्र, शेपू, सौम्य लाल मिरचीची पूड. भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोंची फर्गेस किंवा भरल्या मिरच्या तुम्ही कृती वाचूनही बऱ्यापैकी करू शकता. ब्युरेकसाठी (पाऱ्यांच्या थरांत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ) कागदासारखी पातळ पारी लाटणं वाचून येत नाही. त्यामुळे वर्ग ठरवताना पहिला प्रश्न हाच: पारी आम्ही लाटणार की तुम्ही लाटून दाखवणार? की बाजारातली तयार पारी फक्त रचायची? तिसरं उत्तर आलं तर सरळ दुसरीकडे चौकशी करा. तयार पारी पुण्या-मुंबईतल्या फ्रीझरमध्येही मिळते.

आणखी विचारायच्या गोष्टी: एका वेळी किती जण (सहाच्या वर गेले की लाटणं हातात यायला वेळ लागतो), भट्टी विजेची की निखाऱ्यांची, भाषांतराला कोण असेल, जेवण धरून किती वेळ. तिथे दुपारचं जेवण हेच मोठं जेवण, त्यामुळे वर्ग बहुधा दहाच्या सुमाराला सुरू होऊन जेवणानेच संपतो. न्याहारी करून जाऊ नका.

बेरातचा मांगालेम आणि जिरोकास्तरचा जुना भाग दोन्ही चढावर, गुळगुळीत दगडी फरसबंदीचे. गाडी दारापर्यंत जात नाही. पावसात तो दगड भयंकर निसरडा होतो, तळ पकड घेणारा हवा. दारात चपला-बूट काढायचे असतात, आत घालायला सपाता देतात.

---

उंडा

पारीबद्दल धागाकर्त्याशी सहमत. तपशील देतो.

३२ सेंटीमीटरच्या गोल तेप्सीसाठी (कमी उंचीचं, काळपट धातूचं ताट, आपल्याकडे पिझ्झा-केकचं पसरट भांडं चालतं):

मैदा ५०० ग्रॅम, कोमट पाणी २८० मिली, मीठ १ चमचा, तेल १ मोठा चमचा, व्हिनेगर १ लहान चमचा. व्हिनेगर सगळेच घालत नाहीत, पण पीठ ताणताना सैल पडायला त्याची मदत होते. दहा मिनिटं मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. बोटाने दाबलं तर खळगा सावकाश भरून यायला हवा. झटकन भरला तर पीठ अजून ताठ आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबा. इथे घाई केली की पारी लाटली जाते आणि परत आक्रसते.

साधारण ५० ग्रॅमचे सोळा उंडे होतात. आठ खाली, आठ वर.

लाटणं म्हणजे ओक्लाई: बोटाएवढी जाड, ६० ते ८० सेंटीमीटर लांब सरळ काठी. सुरुवातीला ताटलीएवढं गोल साधंच लाटायचं. मग खरी करामत. जवळची कडा काठीवर घेऊन पारी तिच्याभोवती गुंडाळायची, दोन्ही तळवे मधोमध ठेवून काठी पुढे-मागे फिरवत तळवे टोकांकडे न्यायचे. उलगडायचं, पाव वळसा फिरवायचं, निसेश्ते म्हणजे कॉर्नफ्लोअर भुरभुरवायचं, पुन्हा गुंडाळायचं. चार-पाच आवर्तनांत ती ४० सेंटीमीटरच्या आसपास जाते.

आपल्या लोकांचं हमखास चुकतं ते इथे. पोळीच्या सवयीने लाटण्यावर जोर खाली जातो. ओक्लाईवर जोर खाली द्यायचाच नाही, तो बाजूंना, बाहेरच्या दिशेने. खाली दाबलं की गुंडाळलेले वेढे एकमेकांना चिकटतात आणि उलगडताना मध्ये भोक. दुसरी चूक, भुरभुरायला मैदा वापरणं. मैदा पारीत मुरतो आणि ती कडक होते. कॉर्नफ्लोअर वरच राहतं.

आणि कृपया कणीक घेऊ नका. कोंड्याचे कण ताणलेली पारी कापतात. फार तर पाव हिस्सा कणीक, आणि मग पाणी २०-२५ मिली जास्त.

---

भटकभवानी

@उंडा, सोळा पाऱ्या वेगवेगळ्या लाटायला चार तासांच्या वर्गात वेळ कुठे असतो? बहुतेक घरांत थप्पीची रीत दाखवतात. आठ उंडे प्रत्येकी १२-१५ सेंटीमीटरचे लाटायचे, प्रत्येकावर मऊ लोणी, एकावर एक थप्पी, थंड जागी २० मिनिटं, मग पूर्ण थप्पी एकदम तेप्सीएवढी लाटायची. भट्टीत थर आपोआप सुटतात. काठी गुंडाळायची गरजच नाही, आपलं पोळपाट-लाटणंही चालतं.

---

उंडा

चालतं, आणि खायलाही चांगलं लागतं, पण तो वेगळा पदार्थ झाला. थप्पीचे थर जाडसर, पफसारखे खुसखुशीत. सुट्या पाऱ्यांचं ब्युरेक वर करकरीत आणि आत लुसलुशीत राहतं. वर्गात दोन्ही बघायला मिळालं तर सोनंच. एकच बघायचं असेल तर काठीचं बघा, कारण थप्पीचं तुम्ही आत्ता लिहिलंत तेवढ्यावर कुणीही करेल.

थप्पीत दोन गोष्टी पाळा. लोणी वितळवून ओतू नका, ते पिठात शिरतं आणि थर एकजीव होतात. मऊ केलेलं, बोटाने पसरवता येईल असं हवं. आणि ते काठापर्यंत लावा. काठ कोरडा राहिला की तिथे सगळे थर चिकटून जाड कडं तयार होतं, आणि मधला भाग शिजला तरी ते कच्चंच राहतं.

---

पालेभाजी

सारणाबद्दल कुणी तरी लिहा. पालक शिजवून घ्यायचा की कच्चा? इंटरनेटवर दोन्ही दिसतं.

---

पाटावरवंटा

कच्चा. ७०० ग्रॅम पालक निवडून, धुऊन, पूर्ण कोरडा करून बारीक चिरायचा. एक चमचा मीठ लावून चुरायचा, १५ मिनिटांनी घट्ट पिळायचा. पिळलेलं पाणी कपभर तरी निघतं आणि ते टाकल्यावाचून तळ कोरडा होणं अशक्य. मग त्यात पातीचा कांदा किंवा लीक, २५० ग्रॅम जीझ (खारवलेलं मोकळं चीज, त्यावर खाली कुणी तरी लिहीलच), २ अंडी, २ मोठे चमचे तेल. मीठ परत घालायचं नाही, जीझ खारट असते.

शिजवलेला पालक गोळा होऊन बसतो, कच्चा पारीत पसरतो. फ्रोझन पालक असेल तर प्रश्नच मिटला, तो पिळून घ्या.

रचताना सगळ्यात खालची पारी मोठी ठेवायची, ती तेप्सीच्या बाहेर लोंबली पाहिजे. प्रत्येक पारीवर तेल-लोण्याचा हात. आख्ख्या ताटाला मिळून १००-१२० ग्रॅम लागतं. आठ पाऱ्या, सारण, आठ पाऱ्या, मग लोंबणारी कडा आत दुमडून वळायची. भाजण्याआधी सुरीने वरच्या थरांना चिरा द्यायच्या. वाफ निघाली नाही तर मध्यभाग फुग्यासारखा वर येतो आणि तिथेच करपतो.

२०० अंशांवर सगळ्यात खालच्या खणात १५ मिनिटं, मग १८० वर साधारण ३० मिनिटं. उलथन्याने कडा उचलून तळ बघा, वरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. बाहेर काढल्यावर बऱ्याच घरांत पाण्याचा हलका शिपका मारून दहा मिनिटं फडकं झाकतात, म्हणजे कापताना वरच्या पारीचा चुरा होत नाही. ज्यांना करकरीतच हवं त्यांनी ही पायरी गाळावी.

---

शाकाहारी_भटक्या

उत्तम धागा. शाकाहारी माणसाने वर्ग करावा का? आणि गोमांसाचं काय? घरी विचारल्यावर अवघडल्यासारखं होतं.

---

भटकभवानी

अवघडायचं काही नाही, पण आधी कळवा. तिथल्या यजमानाला पाहुण्यासमोर मांस न ठेवणं कसंसंच वाटतं, आणि ऐन वेळी सांगितलंत तर घरातलं अर्धं जेवण बाद होतं.

खिमा म्हटलं की तो बहुधा गोवंशाचाच किंवा मिश्र असतो, हे गृहीत धरा. ब्युरेकमधला, भरल्या मिरच्यांतला, कोफ्त्यांतला, सगळा. 'मिश विची' म्हणजे वासराचं, 'मिश चेन्जी' कोकराचं, 'मिश पुले' कोंबडीचं, 'मिश देरी' डुकराचं. अल्बेनियात मुस्लिम, बेक्ताशी (एक सूफी पंथ), ऑर्थोडॉक्स, कॅथलिक सगळे आहेत. डुक्कर घरोघर शिजतं असं नाही, पण अजिबात नसतं असंही नाही.

शाकाहाऱ्यांनी 'पा मिश' (मांसाशिवाय) एवढ्यावर थांबू नका. पुलाव मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो आणि राजम्यासारख्या शेंगदाण्यांच्या, म्हणजे फासुलेच्या रश्श्यात खारवलेल्या मांसाचा तुकडा असू शकतो. 'पा लन्ग मिशी' म्हणजे मांसाच्या पाण्याशिवाय. अंडं नको असेल तर 'पा वेझ'. चीजमधलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते वासरा-कोकराच्या जठरातलं द्रव्य) ज्यांना चालत नाही त्यांनी पांढरं चीज, म्हणजे 'जाथ इ बार्ध', टाळावं. जीझसाठी मात्र रेनेट लागतंच असं नाही.

निर्धास्तपणे शिकण्यासारखं बरंच आहे: पालक, लीक, लाल भोपळा किंवा टोमॅटो-कांद्याचं ब्युरेक, फर्गेस, तांदूळ भरलेल्या मिरच्या आणि द्राक्षाच्या पानांचे याप्राक, मक्याच्या पिठाचं आणि पालेभाजीचं पिस्पिली, दही-काकडीचं तारातोर. दूधही न खाणाऱ्यांनी ऑर्थोडॉक्स कुटुंबात 'क्रेश्मे'च्या, म्हणजे उपासाच्या काळातल्या पदार्थांबद्दल विचारावं. त्यांत मांस, अंडी, दूध काहीच नसतं.

---

भटकभवानी

वरच्या प्रतिसादात 'शेंगदाण्यांच्या' असं उमटलंय, ते 'पांढऱ्या घेवड्याच्या' असं वाचा. संपादनाची मुदत गेली.

---

विरजण

जीझ राहिली होती, ती माझ्याकडे.

घरगुती रीत सोपी आहे. लोणी काढलेलं घट्ट ताक (तिकडे त्याला धाल म्हणतात, मीठ घालून पितातही) मंद आचेवर तापवायचं. न ढवळता. ते फाटून कण वर आले की बंद करायचं, अर्धा तास तसंच ठेवायचं, फडक्यात बांधून रात्रभर टांगायचं आणि मग मीठ लावायचं. दोन लिटर घट्ट ताकातून पाव किलोच्या आसपास मिळते. खळखळून उकळी आली तर कण रबरासारखे होतात. चव आंबट-खारट, पोत मोकळा, रवाळ. पनीर चुरून वापरलं तर पोत जमतो पण आंबटपणा नसतो. २०० ग्रॅम पनीरला ५० ग्रॅम चक्का आणि अर्धा चमचा मीठ मिसळा, बरंच जवळ जातं. रिकोटा गोडसर पडतो.

तिरानाच्या फर्गेसमध्ये हीच जीझ लागते. अर्धा किलो लाल-हिरव्या मांसल मिरच्या (आपली ढोबळी चालेल) आचेवर काळ्या होईपर्यंत भाजून सोलायच्या, अर्धा किलो टोमॅटो सोलून चिरायचे. ५० ग्रॅम लोण्यात टोमॅटो आधी एकटेच आटवायचे, पळीने ओढलं की तळ दिसला पाहिजे. इथे कंटाळा केला की मातीच्या भांड्यात शेवटी लाल पाणी तरंगतं. मग मिरच्या. वेगळ्या भांड्यात थोड्या लोण्यात १ मोठा चमचा मैदा परतून त्यात २५० ग्रॅम जीझ, आच बंद करून. दोन्ही एकत्र, मातीच्या भांड्यात २०० अंशांवर १५ मिनिटं. कडेला बुडबुडे आणि वर तपकिरी ठिपके दिसले की झालं. पावाबरोबर खातात. याच नावाने कलेजी घातलेलाही प्रकार आहे, शाकाहाऱ्यांनी हॉटेलात मागवताना विचारावं.

---

रस्सावाटी

एल्बासानची ताव कोसी कुणी घेतलीच नाही! मांसाहाऱ्यांसाठी वर्गात मागून घ्यावा असा हा पदार्थ. कोकराचं मांस, थोडा भात आणि वर दही-अंड्याचं भाजलेलं आवरण.

१ किलो हाडासकट कोकराचा खांदा, मोठे तुकडे, लोण्यावर तांबूस करून लसूण, मीठ आणि अर्धा लिटर पाणी घालून सव्वा-दीड तास मंद शिजवायचा. मांस बाजूला काढायचं, रस्सा गाळून ३०० मिली ठेवायचा. ५० ग्रॅम तांदूळ मांसाच्या बुडाशी पसरायचा. तो भाताचा थर नव्हेच, सुटणारं पाणी शोषायला घातलेला असतो. म्हणून जास्त घालू नका.

वरचं: ६० ग्रॅम लोण्यात ६० ग्रॅम मैदा रंग न बदलता परतायचा, खाली उतरवून थोडा गार करायचा. १ किलो दही फेटून त्यात थोडं थोडं घालायचं, मग ५ अंडी एकेक करून, मीठ-मिरी, शेवटी कोमट रस्सा. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा पातळ, पण पळीला धरणारं. मांसावर ओतून १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं.

बिघडतं ते तीन कारणांनी.

रस्सा गरम घातला की अंड्याच्या गुठळ्या होतात. बोट बुडवून चटका बसला नाही पाहिजे.

दही पातळ असेल तर चोथा-पाणी होतं. तिथलं घरगुती दही मेंढीच्या किंवा गाईच्या दुधाचं, सुरीने कापावं इतकं घट्ट. आपलं दही तासभर टांगा, म्हणजे सव्वा किलोचं किलोभर राहील. आदल्या दिवशीचं आंबट दही नको, आंबट दही लवकर फुटतं. मैदा इथे तेच काम करतो जे कढीत बेसन करतं, त्यामुळे तो कमी करून 'हलकं' करायला जाऊ नका.

तिसरं, जास्त भाजणं. मध्यभाग किंचित थरथरत असतानाच काढायचं, बाहेर १५-२० मिनिटांत तो बसतो. पूर्ण घट्ट होईपर्यंत आत ठेवलंत तर अंडं आवळतं आणि पाणी सोडतं. कापल्यावर ताटात हिरवट पाणी दिसलं तर समजा पाच-सात मिनिटं जास्त झाली.

कोंबडीची ताव कोसीही सर्रास करतात. बटाटे-मशरूम घालून करता येईल, चवीला छानही लागेल, पण परंपरा म्हणून खपवू नका.

---

इंद्रायणी

जिरोकास्तरला जाणाऱ्यांनी चिफ्ची चुकवू नये. भाताचे गोळे, सुका पुदिना आणि अंडं, तळणीत नाही तर खळग्यांच्या खास तव्यात केलेले. तो तवा म्हणजे अक्षरशः आपलं आप्पेपात्र. तिकडून वजन उचलून आणू नका.

२५० ग्रॅम आखूड दाण्याचा तांदूळ मऊ शिजवून, पाणी पूर्ण काढून, पसरून गार करायचा. ३ अंडी, १ मोठा चमचा चुरलेला सुका पुदिना, अर्धा चमचा मिरी, मीठ. ओल्या हाताने गोळे. प्रत्येक खळग्यात चमचाभर तेल तापवायचं, गोळा ठेवायचा, मध्यम-मंद आचेवर ४-५ मिनिटं, उलटून तेवढंच. गोळा खळग्यात काट्याने फिरत फिरत गोल होतो, वर्गात बघण्यासारखा भाग तो.

बासमतीचा होत नाही, सुटा दाणा धरत नाही. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या (आयडीकडे बघू नका). भात गरम असताना अंडं घातलं की ते तिथेच शिजतं आणि गोळा फुटतो. मिश्रण हातात ओघळत असेल तर अंडं जास्त झालंय, थोडा भात वाढवा. ओला पुदिना नको, पाणी सोडतो आणि काळा पडतो.

---

पालेभाजी

फ्लियाचे व्हिडिओ बघून वेड लागलंय. ते दोन तासांच्या वर्गात शिकवतात का?

---

उंडा

शिकवतात असं जाहिरातीत असेल तर तिथे जाऊ नका. फ्लिया उत्तरेचा आणि कोसोव्होचा पदार्थ. पाण्यासारखं सरसरीत पीठ (१ किलो मैद्याला दीड-पावणेदोन लिटर पाणी, मीठ) तेप्सीत मध्यापासून काठाकडे किरणांसारख्या पट्ट्यांत ओतायचं. वर साच, म्हणजे निखारे-राखेखाली तापवलेलं लोखंडी घुमटाकार झाकण ठेवायचं. तीन-चार मिनिटांनी काढायचं, साय-लोणी-दह्याचं मिश्रण लावायचं, आता मोकळ्या पट्ट्यांत पीठ. पुन्हा साच. हे दहा-पंधरा थर. साच गार झाला की परत निखाऱ्यावर, म्हणून दोन साच आलटून-पालटून वापरतात. आग पेटवण्यापासून धरलं तर तीन-चार तास सहज जातात.

पट्ट्या सोडतात त्याचं कारण शोभा नव्हे. उष्णता फक्त वरून येते. आख्खं ताट एकदम भरलं तर थर जाड बसतो आणि खालून कच्चा राहतो.

थेथ, वाल्बोना या बाजूच्या घरगुती मुक्कामांत आदल्या रात्री सांगून ठेवलंत तर दुपारी करतात. साचाखालचंच पण लवकर होणारं हवं असेल तर कोर्चाकडचा लाक्रोर: खाली एक, वर एक अशा दोनच पाऱ्या, मध्ये सारण. दार्धा आणि बोबोश्तित्सा ही त्यासाठी नावाजलेली गावं.

---

हिशेबनीस

किरकोळ वाटणाऱ्या पण नडणाऱ्या गोष्टी.

जुना लेक, नवा लेक. १९६५ साली चलनातलं एक शून्य उडवलं, पण बोलण्यात ते अजून आहे. बाजारात कुणी 'पाच हजार' म्हणालं तर बऱ्याचदा ते ५०० लेक असतात. १०० लेक म्हणजे ढोबळमानाने १ युरो, एवढं लक्षात ठेवलं तर किलोभर टोमॅटोला कोणता आकडा शक्य आहे ते कळतं. शंका आली तर आकडा कागदावर लिहून घ्या. वर्गाचे पैसे बहुधा रोख, युरो की लेक ते आधी ठरवा.

मान. जुन्या पिढीत होकाराला मान आडवी हलते आणि नकाराला वर झटकली जाते. पर्यटकांशी बोलताना काही जण उलट करतात, त्यामुळे अंदाजच करू नका. 'अजून मीठ घालू का?' विचारलं तर मान बघायची नाही, 'पो' (हो) की 'यो' (नको) ते ऐकायचं. 'एधे पाक' म्हणजे आणखी थोडं, 'म्याफ्त' म्हणजे पुरे. स्वयंपाकघरात या चार शब्दांवर निभावतं.

मापं. घरात ग्रॅम कुणी सांगत नाही. फिल्जान (तुर्की कॉफीचा कप), गोत (ग्लास), लुग (चमचा) अशी मापं असतात, आणि प्रत्येक घरचा कप निराळा. खिशात मावणारा छोटा वजनकाटा न्या. पहिला कप पिठात बुडाला की तो रिकामा एकदा आणि भरलेला एकदा तोला, नंतरची सगळी मापं त्यावरून काढता येतात. बाईंची परवानगी विचारून हातांचा व्हिडिओ घ्या, चेहरा नको.

---

रस्सावाटी

+१ वजनकाट्याला. मोसमावरही थोडं: एप्रिल-मेमध्ये रानभाज्या, खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या नेटलचं ब्युरेक आणि कोकरू. जुलै-ऑगस्टमध्ये मिरची, टोमॅटो, वांगी. ऑक्टोबरपासून भोपळा, लीक, लोणची. पर्मेतला अक्रोडाची ग्लिको (साखरेच्या पाकात मुरवलेली फळं) शिकायची असेल तर कवची धरण्याआधीचे हिरवे अक्रोड लागतात, म्हणजे मे-अखेर ते जून. ते सोलून कित्येक दिवस पाणी बदलत भिजवतात, त्यामुळे एका दिवसाच्या वर्गात शेवटचा पाकच बघायला मिळणार. सोलताना हातमोजे घाला, डाग आठवडाभर जात नाही. आणि एल्बासानचे बालोकुमे (मक्याचं पीठ, लोणी, साखर, अंडी) बघायचे तर १४ मार्चच्या वसंत सणाच्या आधीचे दिवस गाठा, तेव्हा घराघरांत तेच चाललेलं असतं.

---

छोटाओटा

ज्यांच्याकडे २८ लिटरचा ओटीजी आहे त्यांचं काय? ३२ सेंटीमीटरचं ताट आत जात नाही.

---

उंडा

२६ सेंटीमीटरचं घ्या आणि सगळं दोन-तृतीयांश करा: मैदा ३३० ग्रॅम, पाणी १८५ मिली, उंडे अकरा (सहा खाली, पाच वर), पालक ४६० ग्रॅम, जीझ १६५ ग्रॅम, अंडं एक मोठं, तेल-लोणी ७५ ग्रॅम. पारी ३२-३३ सेंटीमीटरपर्यंत गेली तरी पुरे, फक्त तळाची थोडी मोठी. म्हणजे ओक्लाईही ४५ सेंटीमीटरची चालेल. सुताराकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून बोटाएवढा गोल लाकडी दांडा घ्या, पॉलिश न केलेला, आणि तेल लावून ठेवा.

भाजताना पहिली १५ मिनिटं फक्त खालचा रॉड, २०० अंश, ताट सगळ्यात खाली. मग दोन्ही रॉड, १८० वर २५ मिनिटं. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो, रंग लवकर आला तर वर फॉइल सैल ठेवा. काचेचं भांडं वापरू नका, तळ तापायला उशीर लागतो आणि तोवर वरची पारी वाळून जाते.

---

छोटाओटा

आणि अंडं अजिबात नको असेल तर सारण कशाने धरायचं?

---

पाटावरवंटा

२ मोठे चमचे बारीक रवा, भाजलेला. पिळलेल्या पालकात मिसळून दहा मिनिटं ठेवा, मग जीझ घाला. कापताना थोडं सुटं पडेल, चवीत फरक नाही.